व्हीसेंटरवर इव्हेंट मॉनिटरिंग: अलार्म, मेल आणि सिसलॉग लावण्याची पूर्ण पद्धत

एका रविवारी रात्री अडीचच्या सुमारास आमच्या क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटातल्या) एका होस्टवरच्या, म्हणजे एका भौतिक सर्व्हरवरच्या, नऊ व्हीएम (आभासी संगणक) बंद पडल्या आणि दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू झाल्या. सोमवारी सकाळी पहिला प्रश्न आला: रात्री क्लस्टरमध्ये कोणी हात घातला? कोणीच घातला नव्हता. होस्टचं नेटवर्क तुटलं, होस्ट एकटा पडला आणि हाय अव्हेलेबिलिटीने, म्हणजे आपल्या एचएने, ठरवून दिल्याप्रमाणे व्हीएम दुसरीकडे उठवल्या. खरी गोष्ट सापडली दुपारी, इव्हेंटची यादी एकेक दिवस मागे नेताना. त्या होस्टच्या दोन अपलिंकपैकी (त्याला नेटवर्क स्विचशी जोडणाऱ्या केबलपैकी) एक अकरा दिवसांपूर्वीच गेली होती. रविवारी रात्री दुसऱ्या अपलिंकचा स्विच ठरल्याप्रमाणे रीबूट झाला. दोन केबल आहेत, काही होणार नाही, असं सगळेच धरून चालले होते.

व्हीसेंटरला, म्हणजे या सगळ्या होस्टची आणि व्हीएमची व्यवस्था बघणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र हे अकरा दिवस माहीत होतं. त्याने इव्हेंट नोंदवला होता, अलार्मही पेटवला होता. सेटिंगमधली मेल सर्व्हरची चौकट रिकामी होती, एवढंच. इव्हेंट नोंदला जाणं आणि तो योग्य माणसापर्यंत वेळेत पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं व्हीसेंटर आपणहून करतं, दुसरं आपल्यालाच लावावं लागतं. ते कसं लावायचं, हे इथे क्रमाने लिहितो.

मेनूंची नावं व्हीस्फिअर (व्हीसेंटर ज्याचा भाग आहे ते सॉफ्टवेअर) ७ आणि ८ मधल्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या क्लायंटप्रमाणे आहेत. ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून त्याच आवृत्तीवर असाल तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू पडतं, फक्त अपग्रेडचं काम यादीत वर घ्या.

चार शब्द आधी वेगळे करू

इव्हेंट म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद: व्हीएम बंद झाली, कोणी लॉगिन केलं, डेटास्टोअरची (व्हीएमच्या फायली साठवण्याच्या जागेची) वाट तुटली. टास्क म्हणजे कोणीतरी सांगितलेलं काम, ज्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि करणाऱ्याचं नाव असतं. अलार्म म्हणजे इव्हेंटवर किंवा मोजमापावर आपण ठेवलेली अट. ती पूर्ण झाली की त्या वस्तूची स्थिती पिवळी किंवा लाल होते. लॉग म्हणजे व्हीसेंटरच्या सेवांनी स्वतःपुरत्या लिहिलेल्या फायली.

पहिले दोन कोणत्याही वस्तूवर 'मॉनिटर' टॅबमध्ये 'टास्क्स अँड इव्हेंट्स' खाली दिसतात. एक सवय लावून घ्या. गडबड झाली की ती व्हीएम सोडून आधी क्लस्टरवर किंवा थेट व्हीसेंटरवर क्लिक करून इव्हेंट बघा. व्हीएमच्या यादीत फक्त परिणाम दिसतो. कारण बहुतेक वेळा होस्टच्या किंवा डेटास्टोअरच्या नावावर नोंदलेलं असतं.

क्लायंट उघडण्याआधी एक कागद

हे काम मी कागदावर सुरू करतो. कारण सरळ आहे. व्हीसेंटरमध्ये तयार अलार्म ढीगभर असतात आणि सगळ्यांना मेल जोडला तर दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकजण त्या मेलसाठी वेगळा फोल्डर करून मोकळा होतो. मग मेल सर्व्हरची चौकट भरलेली असली काय आणि रिकामी असली काय, फरक उरत नाही.

कागदावर तीन रकाने काढा. पहिल्यात ज्यासाठी रात्री माणूस उठवायचा त्या गोष्टी. माझ्या यादीत होस्ट व्हीसेंटरपासून तुटणं, स्टोरेजच्या सगळ्या वाटा बंद होणं, एचएने व्हीएम पुन्हा सुरू करणं, डेटास्टोअर लाल होणं आणि होस्टवर कोणी एसएसएच (दुरून आत जाऊन कमांड देण्याची सोय) चालू करणं एवढ्याच आहेत. दुसऱ्यात सकाळी आल्यावर बघण्याच्या गोष्टी: अपलिंकची किंवा स्टोरेजच्या वाटेची जोडगोळी तुटणं (दोनपैकी एक जाणं), डेटास्टोअर पिवळं होणं, सर्टिफिकेटची मुदत जवळ येणं, परवानग्यांत बदल. तिसऱ्यात फक्त नोंद राहावी अशा गोष्टी: लॉगिन, व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती), व्हीएमच्या सेटिंगमधले बदल. यांच्यासाठी कोणालाही मेल जाऊ नये, पण चार महिन्यांनी कोणी विचारलं तर उत्तर हाताशी हवं.

पहिला रकाना लहान ठेवण्यासाठी भांडावं लागतं. प्रत्येक विभागाला आपली व्हीएम पहिल्या रकान्यात हवी असते. मी एकच प्रश्न विचारतो: हा मेल रात्री अडीचला आला तर उठलेला माणूस नेमकं काय करेल? उत्तर नसेल तर ती गोष्ट दुसऱ्या रकान्यात जाते.

अपलिंकची जोडगोळी तुटणं दुसऱ्या रकान्यात ठेवलं, कारण तेव्हा सेवा चालू असते. ते सकाळी पाहिलंच जाईल, याची हमी मात्र हवी.

घड्याळ

हा भाग रुक्ष वाटतो, पण तो चुकला तर पुढच्या सगळ्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. व्हीसेंटर अप्लायन्सचं (व्हीसेंटर ज्या तयार व्हीएमवर चालतं तिचं) व्यवस्थापन पान ५४८० पोर्टवर उघडतं. तिथे रूट खात्याने आत जा, 'टाइम' मध्ये एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) निवडा आणि सर्व्हरची नावं भरा. मग प्रत्येक होस्टवर 'कॉन्फिगर', 'सिस्टम', 'टाइम कॉन्फिगरेशन' मध्ये तेच सर्व्हर द्या. होस्ट एका घड्याळावर आणि व्हीसेंटर दुसऱ्या, असं ठेवू नका.

भारतातल्या संस्थांना इथे एक नियमही लागू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडायला सांगितलं आहे. तुमच्या ऑफिसातला डोमेन कंट्रोलर किंवा कोअर स्विच आधीच तिथून वेळ घेत असेल तर व्हीसेंटर आणि होस्ट त्याच्याकडे वळवले तरी चालतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लायंटमध्ये इव्हेंटची वेळ तुमच्या संगणकाच्या टाइम झोनप्रमाणे दिसते, तर होस्टचे आणि व्हीसेंटरचे लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिले जातात. सोमवारी पहाटे २:३० ला घडलेली गोष्ट लॉगमध्ये रविवारी २१:०० ला सापडेल. साडेपाच तासांचा हा फरक विसरून लोक चुकीच्या तारखेची फाईल तासभर चाळत बसतात.

इव्हेंट किती दिवस राहतात

नव्या व्हीसेंटरमध्ये इव्हेंट आणि टास्क ३० दिवस राहतात, मग पुसले जातात. हा आकडा क्लायंटमध्ये व्हीसेंटरवर क्लिक करून 'कॉन्फिगर', 'सेटिंग्ज', 'जनरल', 'एडिट' असं गेलं की 'डेटाबेस' भागात दिसतो. इव्हेंटसाठी आणि टास्कसाठी दोन वेगळे आकडे आहेत. एक वाढवलात तर दुसराही वाढवा, नाहीतर काय झालं ते दिसेल आणि कोणी केलं ते गायब असेल.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत सगळ्या यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस सुरक्षित आणि देशाच्या हद्दीत ठेवायला सांगितले आहेत. हे वाचून काहीजण डेटाबेसच्या चौकटीतच १८० लिहून मोकळे होतात. मी तसं करत नाही. इव्हेंट अप्लायन्सच्या आतल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठतात आणि त्यासाठी 'सीट' नावाचं वेगळं विभाजन असतं. ते नाव स्टॅट्स, इव्हेंट्स, अलार्म्स आणि टास्क्स यांची आद्याक्षरं जोडून झालं आहे. एखादा बिघडलेला होस्ट किंवा वेड्यासारखं लॉगिन करत राहणारं बॅकअप सॉफ्टवेअर दिवसाला हजारो इव्हेंट तयार करू शकतं. ते विभाजन भरलं की व्हीसेंटरची मुख्य सेवाच बंद पडते, म्हणजे नोंदी जपण्याच्या नादात नोंदी ठेवणारं यंत्र जातं. शिवाय, व्हीसेंटरवर ताबा मिळवणाऱ्याच्या हातात तो डेटाबेसही जातो.

माझा शिरस्ता असा: डेटाबेसमध्ये ३० ते ६० दिवस, रोजच्या शोधकामासाठी. त्यापुढचं सगळं बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर, म्हणजे इतर यंत्रांचे लॉग नेटवर्कवरून गोळा करणाऱ्या सर्व्हरवर. आकडा वाढवलात तर ५४८० च्या पानावर 'मॉनिटर', 'डिस्क्स' मध्ये सीट विभाजन किती भरतंय ते महिनाभर दर आठवड्याला बघा.

त्याच पानावर 'बॅकअप' मध्ये वेळापत्रक लावताना आकडेवारी, इव्हेंट आणि टास्क सोबत घ्यायचे का, असा एक चौकोन असतो. बॅकअप लहान व्हावा म्हणून तो काढून टाकला, तर व्हीसेंटर परत उभं केल्यावर जुना इतिहास कोरा असेल. हा चौकोन ठेवा.

सिसलॉग: दोन वेगळी बटणं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश जाऊ.

आधी ५४८० च्या पानावर 'सिसलॉग' उघडा आणि 'कॉन्फिगर' दाबा. सर्व्हरचा पत्ता, प्रोटोकॉल आणि पोर्ट द्या. यूडीपी, टीसीपी, टीएलएस आणि आरईएलपी यांतला प्रोटोकॉल निवडता येतो आणि जास्तीत जास्त तीन सर्व्हर जोडता येतात. नेहमीचा पोर्ट ५१४. शक्य असेल तिथे टीएलएस घ्या, त्यात संदेश एन्क्रिप्ट होऊन जातो. ते जमत नसेल तर निदान टीसीपी. यूडीपीवर पाकीट हरवलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. सेव्ह केल्यावर तिथेच चाचणी संदेश पाठवायची सोय आहे. तो पाठवा आणि सिसलॉग सर्व्हरवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पानावरच्या हिरव्या खुणेवर थांबू नका. मधल्या फायरवॉलचा नियम राहून गेला असेल तर ते इथेच कळतं.

एवढ्याने सेवांचे लॉग जायला लागले. इव्हेंट जाण्याचं बटण वेगळं आहे. क्लायंटमध्ये व्हीसेंटरवर 'कॉन्फिगर', 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' मध्ये जा आणि गाळणीत 'सिसलॉग' शब्द टाका. 'व्हीपीएक्सडी.इव्हेंट.सिसलॉग.एनेबल्ड' ही किंमत 'ट्रू' हवी. नव्या आवृत्त्यांत ती मुळातच 'ट्रू' असते. पण जुन्या आवृत्तीतून चढत आलेल्या व्हीसेंटरवर मी ती न तपासता पुढे जात नाही.

चालू केल्यानंतर घडलेले इव्हेंटच बाहेर जातात, आधीचे जात नाहीत. त्यामुळे ऑडिटची तारीख ठरल्यावर हे बटण शोधून उपयोग नाही. आणि १०२४ अक्षरांपेक्षा लांब इव्हेंट तुकडे होऊन येतो. सर्व्हरवर शोधाचा नियम लिहिताना एकाच ओळीत व्हीएमचं नाव आणि वापरकर्त्याचं नाव दोन्ही मिळतील असं धरू नका.

आता होस्ट. व्हीसेंटरचं सिसलॉग लावलं म्हणजे होस्टचं लागलं, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक होस्टवर 'कॉन्फिगर', 'सिस्टम', 'अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' मध्ये 'सिसलॉग.ग्लोबल.लॉगहोस्ट' या ओळीत प्रोटोकॉल, पत्ता आणि पोर्ट लिहा, आणि 'फायरवॉल' मध्ये बाहेर जाणारा सिसलॉगचा नियम चालू करा. होस्ट पाच असतील तर हाताने करा. पन्नास असतील तर होस्ट प्रोफाइल (सेटिंगचा साचा) किंवा पॉवरसीएलआय (कमांडने काम करण्याचं साधन) वापरा, कारण हाताने केलेल्या पन्नासांत दोन हमखास सुटतात. एसडी कार्डावर किंवा यूएसबीवर चालणाऱ्या होस्टचे लॉग कायमच्या जागेत नसतील तर रीबूटबरोबर जातात, म्हणून अशा होस्टसाठी हे आणखी तातडीचं.

सिसलॉग सर्व्हरच्या बाजूला दोन गोष्टी. बऱ्याच लिनक्स प्रणालींवर लॉगच्या फायली दर आठवड्याला फिरतात आणि चारच जपल्या जातात. १८० दिवस हवे असतील तर तो आकडा बदला, डिस्क तेवढी द्या आणि महिन्याभराने सगळ्यात जुनी फाईल किती तारखेची आहे ते बघा. दुसरं म्हणजे हा सर्व्हर त्याच क्लस्टरवर, त्याच डेटास्टोअरवर व्हीएम म्हणून ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्ज' नावाच्या खंडणीखोर हल्ल्याने जगभरातल्या होस्टवरच्या व्हीएमच्या फायलीच कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला, तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. तशा प्रसंगात लॉग ठेवणारा सर्व्हरही त्याच कुलपात गेला तर तपासाला काहीच उरत नाही. एखादा जुना भौतिक सर्व्हर या कामाला पुरतो.

मेल आणि एसएनएमपी

'कॉन्फिगर', 'सेटिंग्ज', 'जनरल', 'एडिट', 'मेल'. दोनच चौकटी: मेल सर्व्हर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. आतल्या रिले सर्व्हरचा पत्ता देणं सगळ्यात सोपं. मेलवाल्या सहकाऱ्याला सांगून व्हीसेंटरच्या आयपीला त्या रिलेवर परवानगी घ्या. पोर्ट २५ नसेल तर तो अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'मेल.एसएमटीपी.पोर्ट' या नावाखाली बदलतो. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्याच डोमेनमधला ठेवा, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातील.

मेल कोणा एका माणसाच्या नावावर कधीच पाठवू नका. गट तयार करा, आणि दोन करा: एक रात्रीच्या पाळीचा, एक सकाळच्या तपासणीचा. कागदावरच्या पहिल्या दोन रकान्यांचे हेच दोन पत्ते. माणूस नोकरी बदलतो, गट राहतो.

एसएनएमपी म्हणजे यंत्रांनी मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला सूचना पाठवण्याची पद्धत. तिची गरज तुमच्याकडे झॅबिक्ससारखं वेगळं मॉनिटरिंग चालत असेल तरच. त्याच 'एडिट' मध्ये चार रिसीव्हर भरता येतात. नेहमीचा पोर्ट १६२, आणि कम्युनिटीच्या चौकटीत सुरुवातीला 'पब्लिक' असतं. ते बदला. झॅबिक्समध्ये नियम मांडण्याची सोय जास्त आहे, म्हणून ते असेल तर मी मेलऐवजी तिकडेच भर देतो.

अलार्म: आधी असलेले, मग नवे

व्हीसेंटरवर 'कॉन्फिगर', 'अलार्म डेफिनिशन्स' उघडा. कागदावरच्या बहुतेक गोष्टींसाठी तयार अलार्म इथे सापडतात. अपलिंकची जोडगोळी तुटल्याचा अलार्म, होस्टचं कनेक्शन गेल्याचा, डेटास्टोअर भरल्याचा. ते चालूच असतात. त्यांना मेलची कृती जोडलेली नसते, इतकंच. एकेक उघडून 'एडिट' करा आणि नियमाच्या पानावर मेल पाठवण्याचं बटण चालू करून योग्य गटाचा पत्ता लिहा. पंधरा-वीस अलार्म असतील तर हाताने तासाभराचं काम आहे, आणि हाताने केल्याने प्रत्येक अट एकदा नजरेखालून जाते.

होस्टच्या कनेक्शनच्या अलार्मबद्दल थोडं. प्रत्येक होस्ट दर १० सेकंदांनी व्हीसेंटरला यूडीपी ९०२ पोर्टवर हाक देतो. ६० सेकंद हाक आली नाही की व्हीसेंटर त्याला 'प्रतिसाद देत नाही' असं ठरवतं. मध्ये फायरवॉल असेल आणि ती ही पाकिटं टाकून देत असेल, तर होस्ट ठणठणीत असूनही हा अलार्म येत राहतो. नवा होस्ट जोडल्यावर मिनिटाभरात तो तुटत असेल तर आधी हा पोर्ट बघा.

तयार आकडेही तपासा. डेटास्टोअरचा अलार्म ७५ टक्क्यांवर पिवळा आणि ८५ टक्क्यांवर लाल होतो. २० टीबीच्या डेटास्टोअरवर ८५ टक्के म्हणजे अजून ३ टीबी मोकळे. ५०० जीबीच्या डेटास्टोअरवर ७५ जीबीच उरतात आणि एक विसरलेला स्नॅपशॉट ते रात्रीत खाऊ शकतो. सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं मला पटत नाही. मोठ्या आणि लहान डेटास्टोअरचे वेगळे फोल्डर करून दोन वेगळे अलार्म ठेवले की मेल मोजके आणि खरे येतात. होस्टच्या सीपीयूचा अलार्म ५ मिनिटं ७५ टक्क्यांवर राहिला की पिवळा आणि ९० टक्क्यांवर राहिला की लाल होतो. रात्री बॅकअप चालत असेल तर हा रोज ठरावीक वेळी वाजेल. त्याला रात्रीच्या गटाशी जोडू नका.

वरच्या पातळीवर बनवलेला अलार्म खालच्या सगळ्यांना लागू होतो आणि खालून तो बदलता येत नाही. एका फोल्डरपुरता वेगळा आकडा हवा असेल तर वरचा बंद करून प्रत्येक फोल्डरवर स्वतंत्र अलार्म बनवावा लागतो. म्हणून फोल्डरची रचना आधी, अलार्म नंतर.

आता एक नवा अलार्म पूर्ण बनवू. होस्टवर कोणी एसएसएच चालू केलं तर रात्रीच्या गटाला कळलं पाहिजे, कारण होस्टवर घुसणाऱ्याला अनेकदा हीच वाट हवी असते.

१. डाव्या झाडात सगळ्यात वरच्या व्हीसेंटरवर क्लिक करा, 'अलार्म डेफिनिशन्स' मध्ये 'अॅड' दाबा.

२. नाव असं द्या की मेलच्या विषयावरून फोनच्या पडद्यावरच कळेल. उदाहरणार्थ 'रात्र: होस्टवर एसएसएच चालू'. नावाच्या सुरुवातीला 'रात्र' किंवा 'सकाळ' लावायची आमची पद्धत आहे, ती फार उपयोगी पडते. लक्ष्याचा प्रकार 'होस्ट्स' ठेवा.

३. नियमाच्या पानावर 'इफ' च्या चौकटीत 'एसएसएच' शोधा. यादीत सापडलं नाही तर इव्हेंटचं पूर्ण ओळखनाव तिथेच टाइप करता येतं. या इव्हेंटचं नाव 'ईएसएक्स.ऑडिट.एसएसएच.एनेबल्ड'.

४. 'देन' मध्ये गांभीर्य 'क्रिटिकल', मेलचं बटण चालू, रात्रीच्या गटाचा पत्ता. पुन्हा पुन्हा मेल पाठवण्याची खूण केली की सुरुवातीचं अंतर ५ मिनिटं असतं. मी ते १५ करतो.

५. पुढच्या पानावर हिरवं होण्याचा नियम: एसएसएच बंद झाल्याचा इव्हेंट. हे पान बरेचजण वगळतात. इव्हेंटवरच्या अलार्मला परत हिरवं व्हायचा रस्ता दिला नाही तर कोणी हाताने 'रीसेट टू ग्रीन' करेपर्यंत तो लालच राहतो.

६. शेवटच्या पानावर अलार्म चालू असल्याची खात्री करून तयार करा.

मग लगेच परीक्षा घ्या. एखाद्या होस्टवर 'कॉन्फिगर', 'सिस्टम', 'सर्व्हिसेस' मध्ये एसएसएच सुरू करा. होस्ट लाल झाला का, इव्हेंट यादीत आला का, मेल आला का आणि सिसलॉग सर्व्हरवर ओळ उमटली का, या चार ठिकाणी बघा. मग एसएसएच बंद करून होस्ट हिरवा होतो का ते पाहा. मेलचं सेटिंग बरोबर आहे की नाही हेही याच परीक्षेत ठरतं.

'अॅक्नॉलेज' आणि 'रीसेट' यांतला फरक पाळीवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा. 'अॅक्नॉलेज' म्हणजे मी पाहिलं, मेल थांबवा. अलार्म लालच राहतो. 'रीसेट' केलं तर खूणच पुसली जाते. दुरुस्ती होण्याआधी रीसेट करणं म्हणजे पुढच्या पाळीला आंधळं ठेवणं.

देखभालीच्या वेळी

होस्टवर उजवं क्लिक करून अलार्मच्या कृती बंद करता येतात. अलार्म पेटत राहतो, मेल जात नाही. पण क्लस्टरवर हे केलं म्हणजे खालच्या होस्टवरही झालं असं नाही. प्रत्येक वस्तूवर स्वतंत्र करावं लागतं, आणि काम संपल्यावर तितक्याच ठिकाणी परत चालू करावं लागतं. देखभालीच्या कागदावर शेवटची ओळ हीच असू द्या.

व्हीसेंटरच पडलं तर

वर लावलेलं जवळजवळ सगळं व्हीसेंटर जिवंत असण्यावर उभं आहे. ते पडलं तरी एचए चालू राहतं, कारण ते होस्टवर चालतं. पण अलार्म, मेल, एसएनएमपी सगळं गप्प होतं, आणि ती शांतता सगळं ठीक असल्यासारखीच दिसते.

म्हणून बाहेरून तीन नजरा ठेवा. पहिली, दुसऱ्या यंत्रावरून दर मिनिटाला ४४३ आणि ५४८० पोर्टची तपासणी. झॅबिक्स असेल तर त्यातून, नसेल तर सिसलॉगच्या त्याच भौतिक सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहून. दुसरी, सिसलॉग सर्व्हरवर उलटा नियम: व्हीसेंटरकडून १५ मिनिटं एकही ओळ आली नाही तर मेल. चालू व्हीसेंटर इतका वेळ कधीच गप्प नसतं. तिसरी नजर कॅलेंडरवर. अप्लायन्सच्या रूट खात्याचा पासवर्ड मुळात ९० दिवसांनी संपतो आणि नेमका ५४८० चं पान हवं असतं त्या दिवशी कळतो. मुदतीचा मेल जायला ५४८० च्या पानावर पासवर्डच्या मुदतीच्या सेटिंगमध्ये पत्ता द्या. सर्टिफिकेटचा अलार्म असतो, पण ते बदलायला दिवस लागतो, म्हणून त्याचीही तारीख कॅलेंडरवर असू द्या.

पहिला महिना

पहिल्या महिन्यात दर सोमवारी आलेले मेल मोजा. रात्रीच्या गटाला आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त मेल येत असतील आणि त्यांतल्या निम्म्यांवर कोणी काहीच केलं नसेल, तर कोणता अलार्म दुसऱ्या रकान्यात न्यायचा ते तिथेच ठरवा. उलटही बघा: काही घडलं पण मेल आला नाही, असं झालं का? तो इव्हेंट यादीत शोधा, त्याचं ओळखनाव घ्या आणि अलार्म बनवा. आमचे सगळ्यात कामाचे अलार्म असेच घडलेल्या प्रसंगांतून आले आहेत.

आणि एक परीक्षा क्लायंटमधून घेता येत नाही, ती सर्व्हर रूममध्ये उभं राहूनच घ्यावी लागते. एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये घ्या (म्हणजे त्यावर व्हीएम चालू राहणार नाहीत), त्याच्या दोन्ही अपलिंक चालू असल्याचं क्लायंटमध्ये तपासा आणि मग एक केबल हाताने काढा. सोबत पाळीवरचा एकजण असू द्या, त्याच्या फोनवर मेल किती सेकंदांत वाजतो ते लिहून ठेवा. केबल परत लावा, अलार्म हिरवा होईपर्यंत थांबा, मग दुसरी काढा. आम्ही हे दर तीन महिन्यांनी प्रत्येक होस्टवर करतो. मागच्या वेळी चौथ्या होस्टवर मेल आलाच नाही. त्या होस्टवर जुन्या देखभालीत अलार्मच्या कृती बंद केल्या होत्या आणि परत चालू करायच्या राहून गेल्या होत्या.